अंबूबाईचा जुना नंबर

महापुराच्या दुसऱ्या साली, आषाढात, अंबूबाईचा फोन मुका झाला.

एकदम झाला नाही. आधी घरात रेंज येईना, मग अंगणात येईना. मग फोन कानाला लावून ती विहाराच्या पायरीवर जाऊन उभी राहायची, तर तिथंही बोलणं तुटत तुटत यायचं. कंपनीनं नदीपलीकडचा टॉवर हलवला असं कुणी म्हणायचं, कुणी म्हणायचं पुराचं पाणी शिरल्यापासून त्यात दमच राहिला नाही. अंबूबाईला कारणाशी देणंघेणं नव्हतं. लोकांचे फोन येत नव्हते आणि उसाच्या लागणीचा हंगाम तोंडावर होता.

कुरुंदवाडपासून तासाभराच्या चालीवर असलेल्या त्या गावात अंबूबाई बायकांच्या टोळीची म्होरकी होती. वस्तीतल्या अकरा बायका तिच्याबरोबर कामाला जायच्या. उसाची लागण असो, भांगलण असो, सोयाबीनची काढणी असो, कुणाला बायका हव्या असल्या की तो अंबूबाईला फोन करायचा. दोन वर्षांमागं कंपनीनं स्वस्तात फोन काढले तेव्हा वस्तीतला पहिला फोन तिनंच घेतला होता. शेतकऱ्यांनी तिचा नंबर गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलेला असायचा.

त्या आठवड्यात दोघे शेतकरी तिला सोडून वरच्या आळीच्या टोळीकडं गेले. त्यातल्या एकानं रस्त्यात मोटारसायकल थांबवली आणि पाय खाली न टेकताच तो म्हणाला,

"अंबूबाई, चारदा लावला फोन. उचलायचाच न्हाय तर घेतलायस कशाला?"

"रेंज न्हाई की अण्णा."

"मग माझ्या सऱ्या तुझी रेंज येईस्तोवर थांबणार हाईत व्हय?"

मागं बसलेला माणूस हसला. अंबूबाई पण थोडं हसली. तसं हसावं लागायचं.

त्याच संध्याकाळी फोन चार्जिंगला लावला तर पेटेना. मागचं झाकण आपोआप वर आलं होतं. आतली बॅटरी भाकरीसारखी टम्म फुगली होती. नवरा पिराजी भिंतीला पाठ लावून बसला होता. गेल्या गळितात उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरनं घसरल्यापासून त्याचा उजवा गुडघा धड वाकत नव्हता. त्यानं फोन हातात घेऊन उलटासुलटा केला.

"कुरुंदवाडला दाखीव. बॅटरी बदलली की झालं."

बुधवारी दुपारपर्यंत बांधावरचं गवत कापून अंबूबाई कुरुंदवाडला गेली. संग्रामचं दुकान एसटी स्टँडच्या समोर, एका पलंगाएवढं. काचेच्या खाली फोन मांडलेले, मागं भिंतीवर रंगीत कव्हरं लोंबत होती. संग्रामनं तिचा फोन उघडला आणि बॅटरी दोन बोटांत धरून बाजूला ठेवली.

"मावशी, हिला हात लावू नका आता. फुटंल."

"दुसरी घाल."

"ह्या मॉडेलची येत न्हाय आता."

"मग त्या फोनातली घाल." तिनं काचेखालच्या एका फोनाकडं बोट केलं.

"खाच येगळी हाय त्याची. बसायची न्हाय."

"बरं, ह्या कंपनीची रेंजबी न्हाई गावात. सगळ्यांनी दुसऱ्या कंपनीचं कार्ड घेतलंय. तेच कार्ड ह्यात घालून दे."

संग्रामनं फोनाचा उघडा पाठभाग तिच्यासमोर धरला. "कुठं घालू? कप्पाच न्हाय ह्याला. तुमचा नंबर कार्डात न्हाय, फोनाच्या पोटात भरलाय कंपनीनं. ह्यो फोन फक्त त्याच कंपनीचा. दुसरं कायबी ह्याला चालत न्हाय."

अंबूबाई पोकळ पाठीकडं बघत राहिली. दोन वर्षं हातात वागवलेला फोन, आणि त्याच्या आत काय आहे, काय नाही, हे ती आज बघत होती.

"मग दुसरा फोन दे. पण नंबर ह्योच ठिव."

"तसं हुईत न्हाय, मावशी. कंपनी बदलली की नंबर बदलतोय."

"नंबर माझा हाय की रं. दोन वर्सं झाली."

"नंबर कंपनीचा असतोय," संग्राम म्हणाला. तो उर्मट नव्हता, दिवसात दहादा सांगायची गोष्ट सांगितल्यासारखं त्यानं सांगितलं. "तुम्ही नवा नंबर सगळ्यांस्नी कळवा, म्हंजे झालं."

तिनं जुन्या बाजारातला कप्पावाला एक फोन पसंत केला. संग्रामनं नवं कार्ड बसवलं, कागदावर नंबर लिहून दिला. ती उठता उठता परत बसली.

"जुन्यातली नावं-नंबर ह्यात घालून दे."

"त्यो चालूच हुईना, तर काढू कसं? तीबी फोनाच्या पोटातच हाईत."

शेतकऱ्यांचे नंबर परत मिळाले असते. ते इथलेच. पण त्या फोनात आणखी एक नंबर होता, मलकापूरच्या पलीकडल्या एका फाट्यावरचा, ज्ञानूच्या दुकानातल्या कॉइन बॉक्सचा. तो नंबर अंबूबाईला पाठ नव्हता. तिला कधी पाठ करावा लागला नव्हता. तो यायचा तेव्हा तिकडून रूपाली बोलायची.

रूपाली तिची एकुलती एक लेक. मागल्या वर्षी शाहूवाडी तालुक्यात, डोंगरातल्या वाडीत दिलेली. जावई सूरज मलकापुरात भाताच्या गिरणीत हमालीला होता, आठवड्याला घरी यायचा. घरात सासू झुंबरबाई आणि ही. घरी फोन नव्हता. रूपाली पंधरा दिवसांतनं एकदा उतरण उतरून फाट्यावर यायची आणि नाणं टाकून आईशी बोलायची. आता तिला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरचं. सातवा सरला की आणायचं ठरलं होतं. चैत्रात अंबूबाई भेटायला गेली तेव्हा निघताना तिनं लेकीला बजावलं होतं, "पोटात दुखू दे, अंगावर जाऊ दे, कायबी वाटू दे. आदी मला फोन कर. रात असू दे न्हाय तर दीस, मी जीप घिऊन येतो."

"आणि तू उचलला न्हाईस तर?"

"मी फोन उचलणार न्हाई असं हुईल व्हय गं?"

घरी आल्यावर अंबूबाईनं पिराजीला सगळं सांगितलं. त्यानं वहीचं पान फाडून त्यावर मोठ्या अक्षरात नवा नंबर लिहिला. खाली लिहिलं, 'रूपाली, आईचा फोन बदलला. जुन्या नंबरवर करू नको. ह्यावर कर.' मग पान दुमडता दुमडता म्हणाला,

"मीच जाऊन येऊ का? हातात दिऊन येतो."

"त्या गुडघ्यानं चढण चढणार हाईस? आणि म्हशीचं कोण बघणार?"

"मग तू जा. एक दीस."

"विजयसिंह दादांची नऊ एकर लागण शुक्रवारी धरायची हाय. आत्ता कुठं काम गावलंय परत. कृष्णाताजवळ देऊ चिठ्ठी. त्यो जातोयच की."

कृष्णात वस्तीतलाच, एसटीत ड्रायव्हर. कोल्हापूरहून रत्नागिरीची गाडी न्यायचा. गाडी मलकापूरला थांबायची. चिठ्ठी त्याच्या खिशात गेली. शनिवारी तो घरी आला तेव्हा अंबूबाई वाटेतच उभी होती.

"दिली का रं?"

"सूरजच्या हातात दिली की. गिरणीत पोती उचलत हुता. म्हटलं, आज घरी गेलास की रूपालीला दे. व्हय म्हणला."

अंबूबाईचं ओझं उतरलं. त्या रात्री ती जेवून लगेच झोपली.

लागण सुरू झाली. विजयसिंहांचं रान नदीकडच्या बाजूला, काळं, पायाला चिकटणारं. ट्रॅक्टरनं पाडलेल्या सऱ्यांत पाणी सोडलेलं असायचं. बायका कडेवर दोन-दोन डोळ्यांच्या उसाच्या टिपऱ्यांचं ओझं घेऊन सरीत उतरायच्या आणि एकेक टिपरी चिखलात ठेवून टाचेनं दाबत पुढं सरकायच्या. डोळे बाजूला राहिले पाहिजेत, वर नको, खाली नको. वर पाऊस, खाली पाणी. चार दिवसांत सगळ्यांच्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या. चालताना पाय पांढरे आणि फुगलेले दिसायचे. दुपारी विजयसिंहांची सून वर्षाराणी मजुरांचा चहा पाठवायची. गोठ्याच्या खिडकीत वेगळे ठेवलेले अकरा-बारा कप होते, बायका आपापला काढून घ्यायच्या, पिऊन धुऊन परत ठेवायच्या.

नवा फोन मात्र वाजायचा. सरीत असतानासुद्धा वाजायचा. अंबूबाई तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचायची. हात पुसायला कोरडं काही नसायचं, तेव्हा नाकानं बटण दाबून बोलायची आणि बायका हसायच्या. विजयसिंहांच्या मागनं आणखी तिघांचं काम आलं. वरच्या आळीच्या टोळीतल्या दोघी तिच्याकडं येऊन, आम्हाला घेतीस का, म्हणून विचारून गेल्या.

रूपालीचा फोन आला नाही. पहिल्या आठवड्यात अंबूबाई म्हणाली, "पाऊस हाय. खाली कशी येईल ती." दुसऱ्या आठवड्यात पिराजीनं विचारलं, "रविवारी आणायचं ठरलं हुतं न्हवं?"

"अजून तीन एकर ऱ्हायलंय. आत्ता अर्धं टाकून गेलो तर दादा परत बलावतील व्हय? उरकलं की दुसऱ्या दिशी जातो."

"तिला कळवायला पायजे."

"तिच्याजवळ नंबर हाय की. करंल ती."

पिराजीनं विषय सोडला. घरात मिळवती तीच होती. तो आता फार बोलत नसे.

त्याच्या पुढच्या सोमवारी, सकाळी दहा-अकराच्या सुमाराला, बायका शेवटच्या एकरात उतरल्या होत्या. अंबूबाईनं मान वर केली तर बांधावर सूरज उभा. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. त्याच्या मागं, बरंच मागं, पिराजी काठी टेकत येत होता.

"जयभीम, पावणं!" अंबूबाई सरीतनंच ओरडली. "न सांगता, न सवरता? रूपालीला घिऊनच आलासा व्हय?"

सूरजनं डोक्यावरची खोळ काढली. बायकांनी हातातल्या टिपऱ्या तशाच धरल्या. अंबूबाई सरीतनं बाहेर आली. तिच्या पायांना चिखलाचे जोडे झाले होते, बांधावर चढताना ती एकदा घसरली आणि सूरजनं हात पुढं केला.

"मामी, प्वार गेलं."

"कोण पोर?"

"पोटातलं. शुक्रवारी. मुलगी हुती."

"आणि रूपाली?"

"ती हाय. घरी आणलीया काल. लई रगत गेलं."

अंबूबाई बांधावरच खाली बसली. पावसाचं पाणी तिच्या कपाळावरनं डोळ्यांत उतरत होतं, ते तिनं पुसलं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली,

"मला फोन का केला न्हाईसा?"

"केला की. तिनं तीनदा केला. लागंना."

"जुन्यावर?"

सूरजनं मान खाली घातली.

"चिठ्ठी दिली हुती न्हवं कृष्णातानं तुमच्या हातात?"

"खिशात हुती," तो म्हणाला. "त्या दिशी घरी जायला ओढ्याला पाणी हुतं. गिरणीतच ऱ्हायलो. पोती उचलताना सदरा सगळा भिजला. बघतोय तर नुसता लगदा. आकडा एक दिसंना." मग जरा थांबून, "घरी गेलो तवा म्हटलं, आता सांगून काय करायचं, नंबरच न्हाई. म्हटलं, तुम्ही येणारच हुतासा रविवारी."

पिराजी तोवर पोचला होता. त्यानं शेवटचं ऐकलं. त्यानं काठी उचलली असं बायकांना वाटलं, पण त्यानं ती दुसऱ्या हातात घेतली आणि अंबूबाईला उठायला हात दिला.

ती पाय न धुताच निघाली होती, एका बाईनं मागनं पळत जाऊन तिची चप्पल दिली. बांधाच्या टोकाला विजयसिंह छत्री घेऊन आले होते. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. "जा, जा," ते म्हणाले. "लागणीचं बघतील बायका." मग हळूच, "फोन मात्र चालू ठेव."

कोल्हापूर, तिथनं मलकापूर. गाडीत सूरज आणि अंबूबाई एका बाकड्यावर बसले होते. बांबवड्याच्या पुढं पाऊस इतका होता की काचेतनं काही दिसत नव्हतं. खूप वेळानं सूरज पुटपुटला,

"मामी, तिला चिठ्ठीचं ठावं न्हाय."

अंबूबाईनं त्याच्याकडं बघितलं. बाविशी-तेविशीचा पोर. मानेवर पोत्यांनी घासून पडलेला काळा घट्टा. आणखी काही मागायचं त्याच्या तोंडावर आलं होतं, पण तो बोलला नाही. तिनं तोंड फिरवलं.

फाट्यावर उतरले तेव्हा ज्ञानूचं दुकान उघडं होतं. दाराशी लाल कॉइन बॉक्स टांगलेला, त्यावर प्लास्टिक पांघरलेलं. ज्ञानू म्हातारा होता, त्यानं सूरजला ओळखलं आणि मग अंबूबाईकडं बघून विचारलं,

"ही आई व्हय?"

"व्हय," अंबूबाई म्हणाली.

"गुरवारी तिनीसांजंला आलती. सासूच्या खांद्यावर हात टाकून. शुक्रवारी सकाळी आली, परत दुपारी. मी म्हटलं, मी लावून देतो, तू बस पोत्यावर. फोन बंद हाय म्हणून ती बाई आतनं सांगायची आणि नाणं खाली परत पडायचं. दुपारच्याला तिच्यानं उभं ऱ्हवंना. मी म्हटलं, पोरी, आईची वाट बघू नकोस, आदी दवाखाना गाठ. मग मीच हाक मारून जीप थांबीवली." त्यानं बॉक्सवरचं प्लास्टिक सारखं केलं. "तुमचा फोन बंद हुता व्हय?"

"व्हय. बंद हुता."

चढण पाऊण तासाची. चिखल्या पडलेल्या पायांत खडे घुसत होते. सूरज पुढं, ती मागं. भाताच्या खाचरांत लावणी चालली होती. लावणीतल्या बायका कमरेतनं वर उठून तिच्याकडं बघत होत्या आणि परत वाकत होत्या.

झुंबरबाईनं दारातच तिला मिठी मारली आणि दोघी रडल्या. झुंबरबाई वाईट बाई नव्हती. ती पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिली.

"ईनबाई, गुरवारी जरासंच रगत दिसलं तिला. मी म्हटलं, आईला इचारल्याबिगर कसं न्यायचं? पहिलं बाळंतपण तुमचं. तुम्ही जीप घिऊन येणार म्हणून ती सांगत हुती. सूरजबी घरात न्हवता. मी म्हटलं, सकाळी लागंल फोन. सकाळी म्हटलं, दुपारी लागंल."

रूपाली आतल्या खोलीत पोत्यावर घोंगडं टाकून पडली होती. एवढंसं तोंड झालेलं, ओठ पांढरे. तिनं आईकडं बघितलं आणि डोळे मिटले. अंबूबाई तिच्या पायाशी बसली. तिनं तळपाय हातात घेतले. ते गार होते. ती चोळत राहिली. बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपालीला दूध आलं. उठून बसली तर झंपरावर दोन ओले डाग. ती त्यांच्याकडं बघत राहिली, आपल्या अंगाला हे काय झालं असं बघावं तशी. अंबूबाईनं चुलीवर पाणी तापवलं, एक जुनं धोतर फाडून त्याची रुंद पट्टी काढली. छाती शेकली आणि पट्टी पाठीमागनं आणून घट्ट आवळायला लागली. रूपालीनं हात वर धरले होते. तिचा जीव कळवळला तरी तिनं आवाज काढला नाही.

"दुखतंय?"

"आवळ."

सूरज दारात आला होता. आत यावं की न यावं अशा पायांनी तिथंच चौकटीला धरून उभा राहिला.

"आई," रूपाली म्हणाली. तिची आईकडं पाठ होती. "फोन बंद का ठिवलातास?"

"बिघडला. त्यात दुसऱ्या कंपनीचं कार्ड बसंना. दुसरा फोन घेतला, नंबर बदलला."

"कवा?"

"उद्याच्या बुधवारी तीन आठवडं हुतील."

पट्टीचं टोक अंबूबाईच्या हातात होतं.

"तीन आठवडं," रूपाली म्हणाली. "मला वाटलं कामात वाजू नये म्हणून बंद केलास. मी ज्ञानूमामाला तसंच सांगितलं. म्हटलं, जेवाच्या सुट्टीत चालू करंल आई. म्हणून दुपारी परत गेलो." मग ती वळली. "कुणाजवळ निरोप धाडायचा न्हाईस? एक चिठ्ठी लिहायला आबा हुता की घरात."

दारातली चौकट करकरली. अंबूबाईनं वर बघितलं नाही. सूरजचे पाय तिला दिसत होते, उंबऱ्याच्या आत एक, बाहेर एक. तिच्या तोंडात ते सगळं आलं. वहीचं पान, मोठी अक्षरं, कृष्णात, गिरणी, भिजलेला सदरा. एवढं बोललं असतं तर लेकीनं तिच्या गळ्यात हात टाकले असते. पण ह्या घरात, ह्या माणसाजवळ, लेकीला आयुष्य काढायचं होतं.

"न्हाई जमलं," अंबूबाई म्हणाली.

"एक दीस यायचं न्हाईस?"

"लागण हुती."

रूपालीनं तिच्या हातातनं पट्टीचं टोक काढून घेतलं आणि स्वतःच गाठ मारली. दारातले पाय मागं सरकले. थोड्या वेळानं परसात कुऱ्हाडीचा आवाज यायला लागला. सूरज ओली लाकडं फोडत होता, फुटत नव्हती तरी फोडत होता.

अंबूबाई तीन दिवस राहिली. घरातली माणसं लावणीला जायची, तीही गेली, कारण बसून राहणं जमेना. संध्याकाळी येऊन लेकीला शेकायची, पट्टी बदलायची, पेज भरवायची. रूपाली खायची. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. तिसऱ्या दिवशी अंबूबाई एकटीच ओढ्याच्या काठाला गेली. झुंबरबाईनं जागा सांगितली होती. करवंदीच्या जाळीपाशी माती थोडी उंच दिसत होती, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले होते. पावसानं माती वाहून चालली होती. तिनं आणखी पाच-सहा दगड शोधून आणले आणि नीट बसवले, एकेक टाचेनं दाबून. दाबताना तिच्या लक्षात आलं की आपला पाय टिपरी दाबल्यासारखा पडतोय. ती मागं सरली. मग गुडघ्यांवर बसून तिनं हातांनी माती थापली, आणि तिथं कुणी नव्हतं म्हणून मोठ्यानं रडली.

चौथ्या दिवशी झुंबरबाईनंच विषय काढला. "हितं गळतंय सगळीकडनं. आम्ही सगळी रानात. सव्वा महिना तुमच्यात ऱ्हाऊ दे तिला."

"मी जात न्हाय," रूपाली म्हणाली.

"अगं, अंगात जीव न्हाय तुझ्या."

"मग न्हाऊ दे."

सूरज आत आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो बायकोच्या समोर खाली बसला. "जा," तो म्हणाला. "मामीचा काय दोस न्हाय, रूपा." तो पुढं बोलणार होता. अंबूबाईनं मध्येच त्याला तोडलं.

"पावणं, फाट्यावर जीप हाय का बघा. हिला चालवायची न्हाय."

सूरजनं तिच्याकडं बघितलं. मग तो उठला. जीप वर येत नव्हती. त्यानं आणि शेजारच्या दोघांनी घोंगड्याची झोळी करून रूपालीला उतरणीवरनं खाली आणलं. गाडी येईपर्यंत तो तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता आणि स्वतः भिजत होता. गाडी सुटली तरी तो हलला नाही.

गाडीत गर्दी होती. मलकापूरच्या बाजाराला निघालेली माणसं, कोंबड्यांच्या पाट्या, ओल्या छत्र्या. एका पावण्यानं उठून दोघींना जागा दिली. रूपाली खिडकीशी बसली, तोंड काचेकडं करून. समोरच्या बाकावर एका बाईच्या मांडीवर चार-पाच महिन्यांचं पोर होतं. शाहूवाडीच्या पुढं ते रडायला लागलं. आई त्याला हलवत होती, थापटत होती, ते थांबेना.

रूपालीनं डोळे मिटून घेतले. पण अंगानं ऐकलं. अंबूबाईला दिसलं, पट्टीतनं, झंपरातनं ओल वर येत होती. रुपयाएवढी, मग तळहाताएवढी. समोरच्या बाकावरचा एक बाप्या तिकडं बघायला लागला.

अंबूबाईनं आपला पदर सोडला आणि लेकीच्या छातीवरनं नेऊन पलीकडच्या खांद्यावर खोचला. तिची स्वतःची पाठ उघडी पडली, खिडकीच्या फटीतनं येणारं पाणी मानेवर लागत होतं. कमरेला फोन वाजायला लागला. तिनं तो पिशवीतनं काढला नाही. वाजून वाजून तो थांबला, परत वाजला, परत थांबला. पदराखाली तिचा हात लेकीच्या अंगावर होता. तो हात रूपालीनं झटकला नाही. धरलाही नाही. कोल्हापूर येईपर्यंत तो तसाच राहिला, हळूहळू भिजत.